सुमनचे दुसरे परीक्षक

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते खळ लावायचं. राजूरच्या आमच्या घरापुढच्या ओट्यावर सतरंजी टाकून बसलो होतो. माझी बायको सुमन जे त्रैमासिक चालवायची त्याचा नवा अंक छापून आला होता. अंकाला कागदाची पट्टी गुंडाळायची, पट्टीला खळ लावायची आणि वर पत्त्याची चिठ्ठी डकवायची, हे काम आमच्याकडे दर तीन महिन्यांनी दिवाळीच्या फराळासारखं चालायचं. खळ शिजवायचं खातं माझं. मैदा, पाणी आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. सुमन चिठ्ठी उचलायची, नाव मोठ्यानं वाचायची आणि चिकटवायची. त्यामुळं वर्गणीदारांची नावं मला तोंडपाठ झाली होती.

"हे नेवाशाचे गुरुजी," ती म्हणाली.

"अजून हायेत व्हय ते?"

"आहेत. डोळे गेलेत. सून वाचून दाखवते म्हणे."

"तुझा अंक वाचून दाखवायचा म्हंजे सुनेला शिक्षाच की."

ती हसली, म्हणाली, "तुम्ही खळ ढवळा, गोळे होतायत." मग थोड्या वेळानं पाठ भरून आली म्हणून उठली. "जरा पडते. गठ्ठे बांधून ठेवा, सकाळी पोस्टात टाकू." मी गठ्ठे बांधले. सुतळी तोडायला कात्री सापडेना म्हणून विचारायला आत गेलो. हाक मारली. परत मारली... डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, काही कळलंसुद्धा नसेल. तिला कळलं नसेल. मला कळलं की.

पेपरच्या या पुरवणीच्या बाईंचा फोन आला की काका, एवढ्या मोठ्या संपादिका, त्यांच्यावर विद्वान लोकांचे लेख येतायत, पण घरच्या माणसानंही लिहावं. मी सातवी शिकलेला, हयात टेम्पो चालवण्यात गेलेली. म्हटलं लिहितो, पण गोड लिहिणार नाही. आणि शुद्धलेखन तुमचं तुम्ही बघा. बघणारी गेली.

लग्न झालं तेव्हा ती दहावी पास होती. पुढचं सगळं लग्नानंतर, बाहेरून परीक्षा देत देत, घरचं आणि गोठ्यातलं करून. मी टेम्पोतून घोडेगावच्या बाजारात जनावरं पोचवायचो आणि येताना तिला नगरच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणायचो, चिठ्ठीवरची नावं खिडकीतल्या माणसाला दाखवून. ती एम.ए. झाली, डॉक्टर झाली, अकोले तालुक्यात कॉलेजात समाजशास्त्र शिकवायला लागली, म्हणून मी माझं नेवासा तालुक्यातलं गाव सोडून टेम्पोसकट राजूरला आलो. लोक म्हणायचे, बायको शिकली म्हणून ह्याला जळतं. साफ खोटं. ती शिकली त्याचा मला कधी हेवा वाटला नाही. कॉलेज संध्याकाळी सुटायचं आणि ती घरी यायची. मला जळलं ते या त्रैमासिकावर, कारण ते कधी सुटलंच नाही.

कॉलेजातले जुने सर निवृत्त होताना ते तिच्या ओटीत टाकून गेले. मला वाटलं, संपादक म्हणजे आता हिचा फोटो छापून येणार. पहिला अंक आला तर मी पानं उलटून थकलो. शेवटी आतल्या पानावर कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात नाव सापडलं. मी म्हटलं, "एवढं राबायचं अन् नाव एवढंच?" ती म्हणाली, "अंक माझा नाही हो, लिहिणाऱ्यांचा आहे." मग राबते कशाला, हे मला तेव्हाही कळलं नाही. लेख यायचे, आधी पाकिटातून आणि पुढं कॉम्प्युटरवर. ती आधी स्वतः वाचायची. कुणी दुसऱ्याचं उचलून आपलं म्हणून दिलंय का ते शोधायची, आकडे कुठून आणले विचारायची, वाक्यं नीट करायची पण म्हणणं लिहिणाऱ्याचंच ठेवायची. चूक छापली गेली तर पुढच्या अंकात शुद्धिपत्र टाकायची, आणि ते टाकताना घरात सुतक असल्यासारखी वागायची. नाकारलेल्या लेखावर लिहायची, 'साभार परत'. तो शब्द आमच्या घरात असा मुरला होता की भाजीवाल्यानं किडकी वांगी दिली तर मी म्हणायचो, साभार परत. एकदा तिनं केलेली खिचडी करपली, मी ताट सरकवून तेच म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "कारणं लिहून द्या, सुधारून पाठवते."

पण खरी गोष्ट परीक्षकांची. आलेला लेख ती दोन जाणकारांकडे पाठवायची, त्यांना परीक्षक म्हणतात. लेख कुणाचा हे परीक्षकाला कळू द्यायचं नाही आणि कुणी तपासला हे लिहिणाऱ्याला कळू द्यायचं नाही. मी म्हटलं, म्हणजे अंतरपाटासारखं. नवरा इकडं, नवरी तिकडं, मध्ये कापड. तिला ते इतकं आवडलं की कॉलेजात पोरांना तसंच सांगायला लागली. "फक्त आमचा अंतरपाट कधी खाली येत नाही," म्हणायची. लेखाचं पहिलं पान, नाव-पत्त्याचं, ती स्वतः काढून ठेवायची. परीक्षकांची पाकिटं स्वतः पोस्टात घेऊन जायची आणि पत्ता तिथं उभी राहून लिहायची. तिथपर्यंत टेम्पो माझा, आणि पत्ता लिहिताना पाठ माझ्याकडं.

पहिले परीक्षक बदलत राहायचे. दुसरे मात्र कायमचे. "दुसऱ्या परीक्षकांकडे टाकलाय," "दुसऱ्या परीक्षकांचं मत येऊ दे," हे ऐकून माझे कान किटले. त्या माणसाचं मत आलं की सुमन चुलीपाशी उभी राहून वाचायची आणि एकटीच हसायची. भाकरी तव्यावर जळायची तरी हसायची. पुढं मोबाईल आले तसा फोन यायला लागला. फोन वाजला की ती परसात जायची आणि पेरूच्या झाडाखाली येरझाऱ्या घालत बोलायची. "नाही, तुम्ही म्हणता ते बरोबर..." "अहो पण तिसरा मुद्दा..." आणि मग ते खळखळून हसणं. मी दिवसभर घाट उतरून यायचो तर मला काय? "आलात? हातपाय धुवा." मी एवढा तिचा नवरा, माझ्या कुठल्या बोलण्यावर ती तशी हसलेली मला आठवत नाही. मला हसायची, पण ते वेगळं. माझ्यावर हसायची. त्यांच्याबरोबर हसायची.

एकदा न राहवून विचारलं, "कोण हाय त्यो?"

"दुसरे परीक्षक."

"त्याला आईबापानं काय नाव ठिवलं असंल की न्हाई?"

"नाव कुणाला सांगायचं नसतं. माझ्यावर भरवसा ठेवून काम करतात ते."

"मी काय गावभर दवंडी पिटणार हाय का? नवरा हाय मी."

मग ती म्हणाली, "घोडेगावच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून बैलाचा भाव करतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळतो का?"

"न्हाई. पण मी घरी येऊन तुला सांगतोच की."

"मग चुकता तुम्ही," म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर मी घोडेगावचा भाव तिला सांगायचा बंद केला. तिनं विचारलाही नाही.

माझ्या भावाच्या मुलाला नोकरीत कायम व्हायला छापलेला लेख पाहिजे होता. भाऊ पेढे घेऊन आला, म्हणाला, "वहिनी, घरचंच काम हाय." सुमननं पेढे घेतले नाहीत. म्हणाली, नातलगाचा लेख मी हातात घेऊ शकत नाही, आमच्या सहसंपादक शिंदे मॅडम बघतील. शिंदे मॅडमनी बघितला, दोन परीक्षकांकडे टाकला, आणि कुणाकडे टाकला ते सुमननंही विचारलं नाही. लेख परत आला. भाऊ पुढं कित्येक दिवस आमची पायरी चढला नाही. मी मनात त्या दुसऱ्या परीक्षकालाच शिव्या घातल्या. त्यानं बघितला होता की नाही देव जाणे, पण शिव्या घालायला माझ्याकडं तोच एक होता.

मग भंडारदऱ्याचं झालं. कॉलेजात चर्चासत्र होतं, बाहेरून प्राध्यापक आले होते, त्यांना धरण दाखवायला नेलं. ते जीपमध्ये, आणि पिठलं-भाकरी, भांडी, सतरंज्या माझ्या टेम्पोत. धरणाच्या काठाला पंगत बसली. सफारी घातलेले एक उंच सर सुमनच्या शेजारी बसले होते आणि तिच्या प्रत्येक शब्दाला मान डोलवत होते. "बाई, तुमच्या अंकासारखी शिस्त कुठं नाही..." मी वाढत होतो. माझी खात्रीच पटली. पिठल्याची वाटी त्यांच्या ताटात आपटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय सर, फोनवर तर लई हसता, आज एवढंच? तुमीच न्हवं का हिचे दुसरे परीक्षक?"

सफारीवाल्या सरांचा घास हातात राहिला. ते सुमनकडं वळून म्हणाले, "दुसरे परीक्षक म्हणजे... ज्यांनी माझा लेख फेटाळला ते? ते तुमच्याशी फोनवर हसतात? कशावर हसतात बाई, माझ्या लेखावर?"

मी शोधून काढला होता तो परीक्षक नव्हता. ज्याचा लेख परीक्षकानं परत पाठवला होता तो निघाला.

सुमननं त्यांना तिथंच हात जोडले. नगरला सल्लागार मंडळाची बैठक झाली तेव्हा घडलं ते स्वतः सांगितलं, नाव फुटलेलं नाही पण बोलणं होतं हे फुटलं, माझ्या घरातून फुटलं, म्हणून संपादकपद सोडायची तयारी दाखवली. मंडळानं तिलाच राहायला सांगितलं. घरी मात्र अबोला. आमच्याकडं भांडण म्हणजे भांडी आपटायची, त्याची मला सवय. हे तसं नव्हतं. वेळेवर चहा, वेळेवर जेवण, अंगावर पांघरूण, आणि शब्द नाही. मी टेम्पो चालवताना विचार करायचो, आज बोलेल, आज नक्की बोलेल. घरी यायचो तर ताट वाढलेलं आणि तोंड मिटलेलं. माझं काय चुकलं ते मला माहीत होतं तरी रोज नव्यानं वाटायचं की आणखी काहीतरी चुकलं असणार. एक दिवस न्हाणीतून आवाज आला, "अहो, पाणी तापलंय का बघा," तेव्हा मी पळतच गेलो... माफी मी मागितली नाही. नवऱ्यानं विचारायचंच नाही हा कुठला कायदा, असं मला अजून वाटतं.

ती गेल्यावर कॉलेजात शोकसभा झाली. मला पहिल्या रांगेत बसवलं. एकेक जण उठून बोलत होता. एक प्राध्यापक म्हणाले, बाईंनी माझा लेख सारखा सारखा परत पाठवला म्हणून मी माणूस झालो. मला तिनं एकदाही परत पाठवलं नाही, म्हणून मी असा राहिलो असेन. एक मुलगी म्हणाली, बाई माझ्या आईसारख्या. दुसरी म्हणाली, आईपेक्षा जास्त. प्रत्येक जण उठायचा आणि माझ्या सुमनचा एक तुकडा घेऊन जागेवर बसायचा. मी ऐकत नव्हतोच. मी तोंडं बघत होतो. यातला तो कोण? कोण जास्त रडतोय, कोण मुद्दाम रडत नाही? सभा संपल्यावर शिंदे मॅडमना बाजूला घेऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, खरंच मला माहीत नाही. माझे परीक्षक वेगळे. ते फक्त बाईंनाच माहीत होते." मग स्वतःशीच म्हणाल्या, "म्हणजे त्यांना कुणी कळवलंसुद्धा नसेल."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सगळ्या महाराष्ट्रात एक माणूस असा होता की ज्याच्या हिशेबी सुमन अजून राजूरला पेरूखाली फिरत होती.

आणि मग तिचा मोबाईल वाजला. मी तो चार्ज करून ठेवायचो, का ते विचारू नका. पडद्यावर आलं, 'दु. प.' नाव तिथंही नाही. मी फोन हातात घेतला आणि वाजू दिला. बंद झाला. परत वाजला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, वाज. इतकी वर्षं तुझ्याकडं होतं ते माझ्याकडं नव्हतं. आज माझ्याकडं हाय ते तुझ्याकडं न्हाई. ती गेली हे मला माहीत हाय, तुला न्हाई. शेजारचा वामन म्हणाला, "भाऊ, नंबरावरनं नाव काढायचं ॲप असतंय, आत्ता काढून देतो." मी त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. नाव मला पाहिजे होतं, पण तिच्या तोंडून. वामनकडून नको.

असे काही दिवस गेले. फोन यायचा, मी ओट्यावर बसून ऐकायचो. मग यायचा थांबला आणि मेसेज आला. चष्मा लावून अक्षर अक्षर वाचला. 'बाई, बरेच दिवस फोन उचलला नाहीत. मागच्या लेखावर माझं मत फार कडक झालं का? तसं असेल तर सांगा, पुन्हा वाचायला तयार आहे. माझं काही चुकलं असेल तर तेही सांगा.'

मी तो परत वाचला. त्या माणसाला वाटत होतं, सुमननं अबोला धरलाय. तिचा अबोला काय असतो ते या जगात माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. एवढा राग माझा त्याच्यावर, पण ते भोगायला लावावं एवढा नव्हता. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवलं, ओट्यावर येऊन बसलो आणि फोन लावला. तिकडं लगेच उचलला.

"बाई! अहो, केवढा घोर लावलात जिवाला! मी म्हटलं आता बाई माझ्याशी बोलतच नाहीत..."

बाईचा आवाज. म्हातारा, घोगरा, पण बाईचा.

सुमन कायम 'ते' म्हणायची. ते म्हणाले, त्यांनी लिहिलंय, त्यांचं मत. फोनवर 'तुम्ही', 'तुमचं'. त्यात बाई की बाप्या कुठं कळतंय! नाव तर तिनं लपवलंच, बाईपणसुद्धा एका 'ते'त गुंडाळून ठेवलं होतं. एवढं मी आज इथं फोडलं. ती असती तर हे वाक्य खोडलं असतं.

"मी बाई न्हाई," मी म्हटलं. "बाई गेल्या. अंकांना खळ लावली, जरा पडते म्हणाल्या, अन् गेल्या. तुमचं काय चुकलं न्हाई. तेवढं सांगायला फोन केला."

"आपण कोण बोलताय?"

"नवरा त्यांचा."

"बाईंना यजमान आहेत?... मला माहीत नव्हतं हो. घरचं त्या कधी बोलल्या नाहीत. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, आपण लेखाचं बोलू."

इतकी वर्षं, इतकं हसणं, आणि त्यात मी नव्हतोच. वाईटसुद्धा नव्हतो. बाई निघाली म्हणून माझी जळजळ गेली असं कुणी समजू नका. बाप्या असता तर दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो. लेखाचं बोलून एवढं हसणाऱ्या दोन बायांचं मी काय करणार होतो? फक्त एक झालं, की मी आत्तापर्यंत समजत होतो, तिनं मला एकट्यालाच बाहेर ठेवलं. तसं नव्हतं.

"मी सांगते ना मी कोण ते," ती म्हणाली. आवाज फाटला होता. "आता काय लपवायचं. माझं नाव..."

"नगा सांगू!" मी एवढ्यानं ओरडलो की रस्त्यानं चाललेला वामन थांबला. "तिनं सांगितलं न्हाई. तुमी कशापायी सांगता?"

"बरं," ती म्हणाली. "मग तुमचं?"

"माझंबी ऱ्हाऊ द्या."

पुढं ती रडत होती आणि मी फोन कानाला धरून बसलो होतो. घरी येऊन इतके लोक रडून गेले, मी सगळ्यांना पाणी दिलं. हिला कुठलं पाणी देणार. तिच्या मागं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. तिनं नाक ओढलं आणि विचारलं, "ठेवू का आता?"

मी म्हटलं, "थांबा जरा."